अर्धा हातमोजा

पुनावळ्यात लोकरीच्या हातमोज्यांची गरज वर्षातून थोडेच दिवस पडते. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा दहा अंशांच्या आसपास येतो, पवनेच्या अंगाने धुकं सरकतं आणि चाकणच्या पहिल्या पाळीला दुचाकीवर निघालेली मुलं हातमोजे चढवतात. ऊन वर आलं की ते मोजे डिकीत जातात. तरीही माझ्या विणकामाच्या वर्गात पहिली वस्तू टोपी असते आणि दुसरी हातमोजा. हा क्रम मी विचार करून ठेवला आहे. या दोन वस्तूंचे नमुने वर्गासाठी विणताना विणकाम मला जसं उलगडत गेलं, तसं ते घरच्यांसाठी स्वेटर विणताना कधी उलगडलं नव्हतं.

वर्ग भरतो आमच्या सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये. शाळेची बस गेली, डबे गेले, की एकेक जण पिशवी घेऊन येते. कोयते वस्ती, काटे वस्तीच्या आसपास जिथे शेतं होती तिथे आता उंच इमारती उभ्या आहेत, आणि त्यांत राहणारी कुटुंबं देशाच्या कानाकोपऱ्यातून आलेली आहेत. कुणाचं काम हिंजवडीला संगणकावर, कुणाचं भोसरी-चाकणला यंत्रावर. माझ्या टेबलाभोवती लातूरची सून बसते, तिच्या शेजारी कानपूरची, पलीकडे मुलाकडे राहायला आलेली हिमाचलातली एक आजी. आणि बऱ्याच अशा आज्या, ज्यांची नातवंडं म्युनिकला किंवा टोरांटोला आहेत. त्यांच्यासाठी हातमोजा ही रोजच्या वापरातली चीज आहे. अंगठ्याला वेगळं घर आणि बाकी चार बोटांना मिळून एकच घर, असा तो मोजा. चार बोटं एकमेकांची ऊब घेतात, म्हणून बर्फात पाच बोटांच्या मोज्यापेक्षा हाच जास्त गरम राहतो. लहान मुलाच्या हातात तो पटकन चढतोही.

पण आज्यांची गरज हे एक कारण झालं. दुसरं कारण शिकण्याचं आहे. नवी बाई स्वेटर हाती घेते, मागचा भाग पुरा होतो, तोवर उन्हाळा येतो आणि पिशवी माळ्यावर जाते. टोपीला पन्नास-साठ ग्रॅम लोकर लागते आणि ती डोळ्यांदेखत संपते. तेवढ्यात टाके घालणं, काठाची उलट-सुलट वीण, गोल विणणं, टाके कमी करणं आणि उरलेले टाके आवळून बंद करणं एवढं सगळं हाताखालून जातं. हातमोजा त्यात भर घालतो: टाके वाढवायचे, काही टाके दोऱ्यावर बाजूला ठेवायचे, पुन्हा सुईवर घ्यायचे, आणि दुसरा मोजा पहिल्यासारखाच करायचा. एवढं आलं की स्वेटरची बाही अवघड राहत नाही.

आमच्या पिढीला शाळेत शिवणाची वही होती. पातळ कापडाचे चौकोन, त्यांवर धावदोरा, टीप, साखळी टाका, काज, हूक, आणि प्रत्येक चौकोन पानावर चिकटवलेला. बाईंची लाल सही झाली की वही कपाटात जायची. पुण्यात रमाबाई रानड्यांच्या सेवासदनाने १९०९ पासून बायकांना हातकामाचं रीतसर शिक्षण दिलं. पुढे कोठारी आयोगाने १९६४ ते ६६च्या काळात शाळेत कार्यानुभव हवा असं सांगितलं आणि आपल्याकडे त्या नावाचा विषय आला. हातांनी शिकण्याला मान मिळावा हा त्यामागचा विचार मला मनापासून पटतो. वहीतले नमुने मात्र गुणांसाठी होते. ते पूर्ण झालेले, इस्त्री केलेले आणि डिंकाने घट्ट बसवलेले असत. त्यांची मागची बाजू दिसत नसे, आणि ते उसवून पाहायची तर सोयच नव्हती.

वर्गासाठी विणलेला नमुना याच्या अगदी वेगळा असावा लागतो. सुंदर टोपी समोर ठेवली की बायका म्हणतात, “काकू, किती छान!” आणि ती खाली ठेवतात. टोपी कशी झाली हे त्या टोपीवरून कळत नाही. म्हणून मी एक टोपी पाच टोप्यांत विणते. पहिलीत फक्त काठ, पुढचे टाके जाड दोऱ्यावर. दुसरीत काठ आणि अंग. तिसरी डोक्याच्या गोलाईत मधेच थांबलेली, टाके कमी केलेल्या फेऱ्या वेगळ्या रंगात. चौथी पूर्ण, पण उलटी करून ठेवलेली, लोकरीचं टोक न खोचता लोंबतं ठेवलेलं. पाचवी पूर्ण आणि नेटकी. जिचं काम जिथवर आलंय, तिने तिथली टोपी उचलायची, आपल्या सुईवरच्या कामाशी लावून बघायची आणि पुढचा टप्पा हातात घेऊन पाहायचा. मी त्या वेळी दुसऱ्या कुणाचा सुटलेला टाका उचलत असते. माझी वाट पाहत बसायची पाळी तिच्यावर येत नाही.

नमुन्याचा रंग फिका हवा. साय, पिस्ता, आकाशी चालतात. काळ्या आणि गडद निळ्या लोकरीत टाके दिसत नाहीत, आणि रंगीबेरंगी लोकरीत डोळा रंगाच्या मागे जातो, विणीच्या मागे जात नाही. लोकर मध्यम जाडीची हवी आणि शिकणारी पिंपरी कॅम्पातून किंवा तुळशीबागेतून जी आणणार तीच हवी. नमुना भारी लोकरीचा असला, तर आपलं काम तसं का दिसत नाही हे शिकणारीला कधीच कळणार नाही.

नमुन्यांना माप कसं द्यायचं हे मला एका विद्यार्थिनीच्या प्रश्नाने दाखवलं. ती वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात तपासणी विभागात काम करायची आणि रविवारच्या वर्गाला यायची. मी सगळ्यांना सांगत होते, “टाके फार घट्ट नको, फार सैल नको.” तिने विचारलं, “काकू, फार म्हणजे किती? तुमच्याकडे लिमिट सॅम्पल आहे का?” मग तिनेच समजावलं. भागावरचा ओरखडा किती चालेल, रंगातला फरक किती चालेल, हे सगळं आकड्यात सांगता येत नाही. म्हणून चालणाऱ्यातला शेवटचा तुकडा सही करून टेबलाजवळ ठेवलेला असतो. पाळी बदलली, माणूस बदलला, तरी तो तुकडा तोच राहतो. शंका आली की हातातला भाग त्याच्याशेजारी धरायचा आणि ठरवायचं.

मी तीन टोप्या विणल्या. एकच लोकर, एकच सुई, तिन्हींत ९६ टाके. पहिली आवळून विणली, तिच्यात दहा सेंटिमीटरमध्ये २४ टाके बसले आणि घेर ४० सेंटिमीटर झाला. दुसरी नेहमीच्या हाताने विणली, दहा सेंटिमीटरमध्ये २० टाके, घेर ४८. तिसरी ढिल्या हाताने, दहा सेंटिमीटरमध्ये १७ टाके, घेर ५६च्या थोडा वर. मोठ्या बाईच्या डोक्याचा घेर साधारण ५४ ते ५६ सेंटिमीटर असतो, आणि टोपी ताणून बसावी म्हणून तिचा घेर सुमारे दहा टक्क्यांनी कमी ठेवतात. म्हणजे मधली टोपी नीट बसते, सैल टोपी डोळ्यांवर उतरते आणि घट्ट टोपी घरातल्या तान्ह्याला होते. ९६ टाक्यांची ही तीन अपत्यं टेबलावर ठेवली की ताण म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. शिकणारी आपला तुकडा तिन्हींजवळ धरते आणि आपला हात कुठे बसतो ते स्वतः ओळखते. घट्ट विणणारीला मी हात सैल सोड असं म्हणत नाही, एक नंबर जाड सुई घे म्हणते. हाताचा स्वभाव लवकर बदलत नाही, सुई लगेच बदलता येते.

सुईच्या नंबरातही एक मेख आहे. आपल्या दुकानांत अजून जुनी ब्रिटिश मोजणी चालते, तिच्यात नंबर वाढला की सुई बारीक होते. ८ नंबर म्हणजे ४ मिलिमीटर, १० नंबर म्हणजे सव्वातीन. अमेरिकेत उलटं आहे, तिथे ८ नंबर म्हणजे ५ मिलिमीटर आणि १० म्हणजे ६. मुली मोबाइलवर अमेरिकी बाईचा व्हिडिओ बघतात, दुकानात जाऊन ८ नंबर मागतात आणि टोपी लहान का झाली म्हणून कोड्यात पडतात. म्हणून माझ्या प्रत्येक नमुन्याला एक चिठ्ठी टाचलेली असते. तिच्यावर सुई मिलिमीटरमध्ये, दहा सेंटिमीटरमधले टाके आणि लोकरीचं नाव. कानपूरची बाई सुलट टाक्याला सीधा फंदा म्हणते, पण मिलिमीटर आणि आकडे सगळ्यांना सारखेच कळतात.

९६ हा आकडाही उगीच घेतलेला नाही. काठाची दोन सुलट-दोन उलट वीण चाराने भागली जाते, आणि डोक्याची गोलाई आठ भागांत केली की प्रत्येक भागात १२ टाके येतात. एक फेरी सोडून एक, प्रत्येक भागात दोन टाके एकत्र विणायचे. बाराचे अकरा, अकराचे दहा, असं करत शेवटी प्रत्येक भागात एक टाका उरतो. त्या आठ टाक्यांतून लोकर ओवून आवळली की टोपी मिटते. हा हिशेब एकदा समजला की पुस्तकातल्या नमुन्याची ओळन् ओळ पाठ करावी लागत नाही. इंग्लंडमध्ये जन्मलेल्या आणि अमेरिकेत राहून शिकवणाऱ्या एलिझाबेथ झिमरमन यांनी १९७१च्या आपल्या पुस्तकापासून हाच आग्रह धरला होता की आपला ताण मोजावा, अंगाचं माप घ्यावं आणि आकडे स्वतः काढावेत. आमच्या वर्गातल्या ज्या बाया गणिताला घाबरतात असं म्हणतात, त्या दुसऱ्या आठवड्यात ९६ला आठने भागत असतात. मुलाच्या टोपीसाठी ८० टाके घेऊ का, हेही त्याच विचारतात.

हातमोज्याचा मी एकच मोजा पूर्ण करते. दुसरा मुद्दाम अर्ध्यावर सोडते. तळहाताचा घेर १८ सेंटिमीटर धरला तर ३६ टाके येतात. मनगटाचा काठ झाला की अंगठ्यासाठी कळी घालायची. एका टाक्याच्या दोन्ही बाजूंना एकेक टाका वाढवायचा, दर तिसऱ्या फेरीला, म्हणजे १, ३, ५ असं करत १३ टाके होतात. ते १३ टाके लाल दोऱ्यावर ओवून ठेवायचे आणि हाताचं विणकाम पुढे न्यायचं. माझा अर्धा मोजा या लाल दोऱ्याच्या थोडा पुढे थांबतो. नवशिकी सगळ्यात जास्त इथेच अडखळते. इतका वेळ वाढवलेले टाके असे लोंबत ठेवायचे, आणि त्यांना सोडून पुढे जायचं, हे तिला पटत नाही. हातात मोजा घालून अंगठा त्या लाल दोऱ्याच्या जागेतून बाहेर काढला की लगेच पटतं. अंगठा विणायला घेताना त्याच्या बुडाशी एक भोक पडतं, ते सगळ्यांच्याच मोज्यात पडतं. तिथून दोन-तीन टाके जादा उचलायचे आणि पुढच्या फेरीत कमी करायचे, की भोक मिटतं. यासाठीही मी एक तुकडा ठेवला आहे, एका बाजूला भोक तसंच आणि दुसऱ्या बाजूला मिटवलेलं.

डावखुऱ्या मुलींसाठी वेगळा मोजा विणलेला आहे, कारण त्यांच्या हातात टाके कमी केल्याच्या रेषा उलट्या बाजूला झुकतात. उजव्या हाताचा नमुना त्यांना दिला तर त्या गप्प बसून आपलंच काही चुकतंय असं मानतात. स्वतःचा नमुना मिळाल्यावर त्या मान वर करून विणायला लागतात.

आणखी एक तुकडा आहे, तो विणायचा नसून सोडायचा आहे. पंचवीस-तीस टाक्यांचा सपाट चौकोन. प्रत्येकीने त्यातला मधला एक टाका सुईवरून मुद्दाम पाडायचा, तो खाली शिडीसारखा उतरू द्यायचा आणि क्रोशाच्या सुईने एकेक पायरी ओढून वर आणायचा. “काकू, टाका पळाला!” ही वर्गातली सगळ्यात घाबरलेली हाक असते. पहिल्याच दिवशी टाका स्वतःच्या हाताने पाडून पुन्हा वर आणला, की त्या हाकेतली भीती जाते. मग त्या सुटलेला टाका घेऊन माझ्याकडे धावत येत नाहीत, क्रोशाची सुई शोधतात.

तान्ह्या बाळांच्या टोपड्या-मोज्यांसाठी मी वेगळे नमुने ठेवते आणि त्यांच्याबद्दल फार काटेकोर असते. आपल्याकडे बाळंतविड्यात टोपडं, झबलं, पायमोजे हौसेने विणून देतात, आणि ती हौस जपण्यासारखी आहे. नवजात बाळाच्या डोक्याचा घेर साधारण ३३ ते ३५ सेंटिमीटर असतो. एवढ्याशा वस्तूत आतली बाजू बाहेरच्या बाजूपेक्षा महत्त्वाची. हातमोज्यात आत एक जरी लोंबता धागा राहिला, तर तो बाळाच्या बोटाला गुंडाळला जाऊ शकतो, रक्त अडतं आणि बाळ का रडतंय हे वेळेत कळत नाही. म्हणून बाळाच्या मोज्यात रंगांचे धागे आडवे टाकायचे नाहीत, टोकं घट्ट खोचायची आणि देण्याआधी मोजा उलटा करून बोट फिरवून बघायचं. टोपड्याला लांब बंद नकोत, ओढून निघणारे गोंडे नकोत. हे सांगताना मी नमुना उलटाच हातात देते. बायका आधी नक्षी बघायला तो सुलट करायला जातात, मग थांबतात आणि आतून बोट फिरवतात.

लोकरीबद्दलही नमुन्यांतूनच बोलता येतं. दुकानात आपण ज्याला लोकर म्हणतो, ती बहुतेक लुधियानाहून आलेली अॅक्रिलिक असते. शिकायला ती उत्तम. स्वस्त, धुवायला सोपी, कसर लागत नाही, पुन्हा पुन्हा उसवली तरी टिकते. पण तिच्यावर गरम इस्त्री फिरली की वीण मेल्यासारखी लोळते आणि परत उभी राहत नाही. असा एक इस्त्री केलेला चौकोन मी ठेवलाय, तो एकदा बोटांना लागला की पुरतो. टोरांटोच्या बर्फासाठी मात्र मी मेंढीची खरी लोकर घ्यायला सांगते, कारण ती ओलसर झाली तरी ऊब धरून ठेवते. आपल्या धनगरांच्या दख्खनी मेंढ्यांची लोकरही मी हातात देते, घोंगडीच्या कडेचा एक तुकडा आहे माझ्याकडे. ती राठ आणि टोचरी, कपाळावर सोसवणार नाही. पण अंगावरचा पाऊस आणि माळावरची थंडी तिने पिढ्यान् पिढ्या अडवली आहे. कोणत्या कामाला कोणती लोकर, हे ते दोन तुकडे शेजारी ठेवले की कळतं.

वर्गातल्या बायकांची मुळं निरनिराळ्या गावांत आहेत आणि बहुतेकींची इथली मुदतही ठरलेली नाही. नवऱ्याची बदली होते, प्रकल्प संपतो, घर इंदूरला किंवा चेन्नईला हलतं. सुरुवातीला निघताना त्या माझ्या नमुन्यांचे फोटो काढून न्यायच्या. आता मी सांगते, फोटो नको, जाण्याआधी स्वतःचा संच विण. पाच टप्प्यांची टोपी, तीन ताणांच्या टोप्या आणि अर्धा हातमोजा. हीच माझ्या वर्गाची परीक्षा आहे. पूर्ण हातमोजा बऱ्याच जणींना येतो. अर्धा विणताना मात्र त्या विचारात पडतात. कुठे थांबू? लाल दोरा घालण्याआधी की नंतर? पुढचीला कुठे अडेल? या प्रश्नांची उत्तरं शोधताना ती बाई प्रथमच आपल्या सुईवरून नजर उचलून, अजून न भेटलेल्या एखाद्या शिकणारीच्या हातांकडे बघते. मला वाटतं, शिकवण्याची सुरुवात तिथे होते.

त्या संचासाठी लोकरीचे चार-पाच गुंडे लागतात आणि थोड्या आठवड्यांच्या दुपारी. शाळांमध्ये कार्यानुभवाचा तास अजून आहे, पण त्या तासाला हातात धरायला वस्तू नाही अशी तक्रार मी शिक्षकांकडून ऐकते. प्रत्येक शाळेच्या कपाटात असा एक डबा असावा आणि तो मुलामुलींनी हाताळून झिजवावा, असं मला मनापासून वाटतं. माझ्या पहिल्या संचातल्या काठाच्या टोपीचे टाके इतक्या हातांनी ताणले गेलेत की तिची वीण सैल पडली आहे. ती मी उसवणार आहे आणि त्याच मापाची नवी विणणार आहे. या वेळी दुसऱ्या टप्प्यानंतर आणखी एक टोपी घालायची आहे, गोलाईची पहिली फेरी नुकतीच झालेली, कारण गेल्या काही महिन्यांत नव्या मुली तिथेच थांबताना मला दिसल्या आहेत.